जुन्या सागवानी व्हिनियरच्या टेबलाला मशीनने पॉलिशपेपर मारताना कडेला फिकट डाग पडला आणि वर गोल चरे आले. आता काय करू?

आधी मशीन बाजूला ठेवा. तो डाग म्हणजे व्हिनियर (वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर) संपून खालचा प्लाय दिसतोय, आणखी घासलंत तर तो फक्त मोठा होईल. हल्लीचं व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. जुनं थोडं जाड असलं तरी कडांना ते आधी उडतं.

गोल चरे काढता येतात. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, हलक्या हाताने फिरवा. 180 नंबर, मग 220. मधेमधे स्पिरिटचा बोळा फिरवून बघा: ओलं असताना दिसतं तसंच पॉलिशखाली दिसणार, त्यामुळे राहिलेले चरे लगेच कळतात.

डागाला लांबी (पुट्टी) भरू नका, ती रंग वेगळाच धरते आणि डाग आणखी उठून दिसतो. पूर्ण टेबलावर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात द्या. वाळल्यावर त्याच पॉलिशमध्ये थोडा स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग मिसळून डागाला आजूबाजूच्या सर्वांत फिकट छटेचा हात द्या. मग बारीक ब्रशने शेजारच्या रेषा त्यावरून ओढून घ्या. सागाच्या रेषा ठळक असल्याने हे छान जमतं. शेवटी वरून साधं पॉलिश.

डाग तळहाताहून मोठा असेल तर मात्र रंगाने झाकत बसू नका. वरच्या फळीला नवं व्हिनियर लावून घ्या.