अपाय, अपकार आणि तुझं ते वाक्य

सप्रेम आशीर्वाद.

तुझा अनुवाद काल रात्री एका बैठकीत वाचला. छान उतरलाय. बाराव्या पानावर मात्र पेन्सिलीनं गोल केलाय: 'या सोप्या आवृत्तीने मूळ कवीची अपसेवा केली.' इंग्रजीतल्या 'डिसर्व्हिस'साठी तू सेवेला 'अप' जोडलास. घडण चुकीची नाही, पण असं कुणी बोलत नाही. आपण म्हणतो, 'मूळ कवीवर अन्याय झाला.'

समासात तू 'अपकार? अपाय?' असंही लिहिलं आहेस. हा प्रश्न पडला, याचा मला फार आनंद झाला.

अपकार माणूस माणसावर करतो. त्यात वैर असतं, निदान कृतघ्नपणा तरी. म्हणून तर 'उपकाराची फेड अपकाराने' म्हणतात. अपायाला हेतू लागत नाही. उमेदवारीच्या काळात मी एका आरोग्यपत्रकात 'या गोळीने अपकार होतो' असं लिहिलं होतं. नर्सबाईंनी कागद परत सरकवला नि म्हणाल्या, "गोळी काय वैर धरते होय?" तो फरक तेव्हापासून पक्का झाला.

अपायाचं मूळही पाहून ठेव. संस्कृतात 'इ' हा धातू, म्हणजे जाणे. उपाय म्हणजे जवळ जाणं, अपाय म्हणजे दूर जाणं. शाळेत पंचमीचा अर्थ 'अपादान' असं पाठ केलं असशील. त्यामागे पाणिनीचं सूत्र आहे, 'ध्रुवमपायेऽपादानम्'. झाडावरून पान गळतं, तो अपाय; झाड जागचं हलत नाही, ते अपादान. तिथं इजेचा मागमूस नाही. ताटातुटीचा हा शब्द पुढे नुकसानीचा झाला.

आता तुझी खरी अडचण: भलं करायला जाऊन वाईट होणं. त्याला मराठीत एकच नाम शोधत बसू नकोस. क्रियापदांकडे वळ. दही बाधतं, कायदा शेतकऱ्याला मारक ठरतो, लाड पोराचं वाटोळं करतात. इलाजच अंगाशी आला तर 'उपायापेक्षा अपाय जास्त'. मदतच जाच झाली, की 'भीक नको पण कुत्रा आवर'. कुणामुळे, कुणाचं, काय बिघडलं हे धरलंस की क्रियापद आपसूक सापडतं.

तेराव्या पानावर 'अपसेवा' हाच शब्द पुन्हा आलाय, त्या सावकाराच्या संदर्भात. मूळ पुस्तक माझ्याजवळ नाही. त्यानं ते जाणूनबुजून केलं का, एवढं पाहून कळव. केलं असेल, तर तिथं 'अपकार'च ठेव.