जूनमध्ये फिनलंडमधल्या रोवानिएमीला जातोय. तिथला रोप्स हा फुटबॉल क्लब आता खालच्या डिव्हिजनमध्ये आहे म्हणे, पण एकेकाळी युरोपात खेळला असं वाचलं. त्यांचा सामना बघायला जावं का? असतं तरी कोण तिथे?

जावं. आणि असतं कोण, तर मी असतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. बायकोच्या नोकरीपायी 2018 च्या उन्हाळ्यात आर्क्टिक वृत्ताच्या काठावर येऊन पडलो. त्या वर्षी रोप्स फिनलंडच्या सर्वोच्च लीगमध्ये दुसरा आला. 2020 मध्ये तळाला जाऊन खाली उतरला, 2021 मध्ये आणखी एक पायरी खाली. माझ्या पायगुणाबद्दल इथे कोणी बोलत नाही, कारण फिनिश लोक मुळात कशाबद्दलच फारसं बोलत नाहीत.

रोप्स म्हणजे रोवानिएमेन पल्लोसेउरा. पल्लो म्हणजे चेंडू, सेउरा म्हणजे मंडळ. रोवानिएमी चेंडू मंडळ, स्थापना 1950. हे कळलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावं पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, इथे चेंडू मंडळ.

डिव्हिजनची नावं ऐकून गोंधळू नका. सगळ्यात वर वेइक्काउसलीगा, सरकारी बेटिंग कंपनीच्या नावाची. खालच्या पायऱ्यांची नावं पत्त्यांसारखी, म्हणजे एक्का, दुर्री, तिर्री. गंमत अशी की 2024 पासून वेइक्काउसलीगाच्या खाली एक नवा मजला घुसवला, त्यामुळे आता एक्का तिसऱ्या मजल्यावर आणि दुर्री चौथ्यावर. आमच्या आईला फोनवर हे समजावून सांगायचा एकदा प्रयत्न केला. ती म्हणाली, जेवलास का?

मैदान मात्र बघण्यासारखं आहे, आणि गावाच्या मधोमध आहे. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने रोवानिएमी जवळजवळ पूर्ण जाळलं. नंतर आल्वार आल्टो या वास्तुविशारदाने गावाचा नवा आराखडा केला तो रेनडिअरच्या डोक्याच्या आकाराचा. बाहेर जाणारे रस्ते म्हणजे शिंगं आणि हे फुटबॉलचं मैदान म्हणजे डोळा. मैदानात उभं राहून यातलं काही दिसत नाही, नकाशा उघडावा लागतो. पण रेनडिअरच्या डोळ्यात बसून सॉसेज खाल्लं असं घरी सांगता येतं.

तुम्हाला सांताचं वेड असेल तर एफसी सांता क्लॉज नावाचा लाल-पांढरा क्लबही याच गावात आहे. तोही खालच्याच डिव्हिजनमध्ये रमलेला. पर्यटक त्याचा शर्ट घेतात, सामना बघत नाहीत. असो.

तुम्ही लिहिलंय की क्लब 'एकेकाळी युरोपात खेळला असं वाचलं'. खरं आहे. 1986 चा फिनिश कप जिंकल्यामुळे रोप्सला कप विनर्स कपचं, म्हणजे युरोपातल्या देशोदेशीच्या कपविजेत्यांच्या स्पर्धेचं, तिकीट मिळालं, आणि 1987-88 च्या मोसमात ते चक्क उपांत्यपूर्व फेरीत पोचले. समोर फ्रान्सचा मार्सेय. सामने मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये रोवानिएमीत काय असतं? बर्फ. त्यामुळे आपला 'घरचा' सामना रोप्सने इटलीतल्या लेच्चे गावी खेळला, म्हणजे इटलीच्या बुटाच्या टाचेत, अडीच-तीन हजार किलोमीटर दूर. 0-1 हरले. नंतर फ्रान्समध्ये 0-3.

मैदानाच्या कोपऱ्यात एक टपरी आहे. तिथे सॉसेज भाजणारे एक आजोबा आहेत. सत्तरी कधीच ओलांडलेली, डोक्यावर निळी लोकरी टोपी, जूनमध्येसुद्धा. माझं फिनिश जरा बरं झाल्यावर मी त्यांना मोठ्या उत्साहाने विचारलं, लेच्चेच्या सामन्याला तुम्ही गेला होतात का? ते सॉसेज उलटं करत म्हणाले, "नाही. इथला बर्फ काढत होतो." एवढंच. तो विनोद होता की माहिती, मला आजतागायत कळलेलं नाही.

ती टपरी म्हणजे क्लबचा खरा संसार. सॉसेजला इथे मक्करा म्हणतात. जाड, फिकट, सालीवर सुरीने तिरक्या चिरा दिलेल्या. भाजताना त्या चिरा फुलतात आणि कडा करपतात. वर मोहरीची गोडसर चटणी. बरोबर पंपाच्या थर्मासमधली कॉफी, कागदी कपात. चव विचाराल तर सॉसेज ठीक, कॉफी पातळ. पण सात-आठ डिग्रीत वारा सुटला की ती पातळ कॉफी अमृत होते.

टपरीमागे उभ्या असलेल्या एकालाही पगार नाही. तिकीट फाडणारी बाई कोणाची तरी आई, कोपऱ्यावरची झेंडी लावणारा कोणाचा तरी बाप, बाहेर गेलेला चेंडू आणून देणारी पोरं दहा वर्षांखालच्या संघातली. या प्रकाराला फिनिशमध्ये ताल्कोओत म्हणतात. आपल्याकडे इर्जिक असायचं ना, सगळ्यांनी आपापली अवजारं घेऊन एकाच्या शेतात राबायचं आणि त्याने जेवू घालायचं? तंतोतंत तेच. फरक एवढाच की इथे 'येतोस का' असं विचारत नाहीत. मुलगी संघात गेली त्याच आठवड्यात आमच्या नावापुढे वेळ लिहून यादी आली: मंगळवार, टपरी, पाच ते आठ. मी निरागसपणे विचारलं की नसेल जमत तर? उत्तर आलं, मग गुरुवार.

आणि टॉयलेट पेपर. हे ऐकून तुम्ही हसाल, पण फिनलंडमधले मुलांचे क्लब पैसे उभे करतात ते टॉयलेट पेपर विकून. मोठमोठे गठ्ठे घरी येऊन पडतात आणि आईबापांनी ते ओळखीत खपवायचे. आमच्या वाट्याला पहिल्या वर्षी बारा गठ्ठे आले. मला वाटलं, झाली फजिती, या अबोल लोकांच्या दारात जाऊन काय बोलू? खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची बेल वाजवली. दोन वर्षांत त्याच्याशी 'मोई'च्या, म्हणजे नमस्काराच्या, पुढे गाडी गेली नव्हती. त्याने गठ्ठा बघितला, विचारलं, "रोप्स?" मी हो म्हटलं. त्याने दोन घेतले. मग दारातच उभं राहून पंधरा मिनिटं तो 2015 च्या मोसमाबद्दल बोलत होता. त्या वर्षी आलेक्सांद्र कोक्कोने 17 गोल मारून लीगमध्ये पहिला नंबर काढला आणि तरीही विजेतेपद एका गुणाने हुकलं.

वाईट दिवसही सांगतो, कारण गूगल केलंत तर तेच आधी दिसेल. 2011 मध्ये रोप्सच्या सामन्यांत फिक्सिंग उघडकीस आलं. सूत्रधार सिंगापूरचा विल्सन राज पेरुमल, त्याला इथल्याच लॅपलँड जिल्हा न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली. पैसे घेतलेले नऊ खेळाडूही दोषी ठरले, सात झांबियाचे, दोन जॉर्जियाचे. झांबिया आणि रोवानिएमीचं नातं त्याच्या आधीपासूनचं. झेडी साइलेटीसारखा खेळाडू 1990 च्या दशकात तिथून आला आणि वर्षानुवर्षं या थंडीत खेळला, जुने लोक अजून त्याचं नाव काढतात. म्हणून तो घाव जास्त लागला असावा. माझ्या शेजाऱ्याने पंधरा मिनिटांत 2011 चा उल्लेख केला नाही, 2013 मध्ये जिंकलेल्या फिनिश कपचा दोनदा केला.

आता सामन्याचं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची सवय असलेल्याला पहिली वीस मिनिटं वाटतं की इथे कोणी गेलंय का. शे-दोनशे माणसं, सगळी एकमेकांपासून दोन खुर्च्या सोडून. मधूनच कोणीतरी "ह्युवा!" म्हणतं. ह्युवा म्हणजे छान. चेंडू गोलच्या वरून पार्किंगमध्ये गेला तरी ह्युवा. शिव्या जवळजवळ नाहीतच, असल्या तर पुटपुटत, आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच संघाला. गोल झाला की मात्र समोरचा माणूस मागे वळून तुमच्याकडे बघतो आणि मान हलवतो. इथल्या हिशोबाने ही मिठीच.

खेळाचा दर्जा? खरं सांगू, कधीकधी वाईट असतो. पास हुकतात, गोलकीपर विशीतलं पोर असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरमार्केटच्या गल्ल्यावर तुम्हाला भेटू शकतं. पण त्या पोराला लहानपणापासून मंगळवारी मक्करा देणारी माणसं तिथेच बसलेली असतात, त्यामुळे चेंडू अडवला की जो आवाज येतो तो वेगळा असतो.

येण्याआधी वेळापत्रक बघा. मोसम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, पण जूनअखेरच्या युहान्नुस सणाला सगळा देश तलावाकाठच्या झोपड्यांत पळतो आणि जुलैत खालच्या डिव्हिजनना बऱ्याचदा सुट्टी असते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातला संध्याकाळचा सामना गाठा. सूर्य जवळजवळ मावळतच नाही, त्यामुळे सामना संपून घरी आलात तरी दुपारच वाटेल, हॉटेलचे पडदे नीट लागतात का ते बघून घ्या. जाकीट आणा. डासांचं औषध नक्की आणा, लॅपलँडचे डास कोकणातल्यांना लाजवतात.

मंगळवारी आलात तर टपरीवर मीच असेन. मराठीत मागितलंत तर मोहरी जास्त घालीन. आणि परतीच्या बॅगेत जागा असेल तर सांगा, माझ्याकडे अजून चार गठ्ठे शिल्लक आहेत.