बाई, सिनेमा कुठला लावू?

सुट्टी लागली की या सदराचं टपाल वाढतं. मुलं घरात, मोठी माणसं कावलेली, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "बाई, काहीतरी चांगलं सांगा."

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. कऱ्हाडला ३७ वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांना सिनेमा दाखवते. पडदा म्हणजे डबलबेडची पांढरी चादर. उजव्या कोपऱ्यात रफू आहे, त्यामुळे पात्र त्या बाजूला गेलं की त्याच्या गालावर व्रण उमटतो. वायरींचं खातं आमच्या ह्यांच्याकडे. नियम एकच, आणि तो मोठ्यांसाठी आहे: सिनेमा संपल्यावर "काय शिकलात?" असं विचारायचं नाही. ३७ वर्षं मी तेच विचारत आले, आता पुरे.

नातू अकरा वर्षांचा, नात सहाची. पुण्याहून येतात आणि दोन कोपऱ्यांत दोन मोबाइल घेऊन बसतात. मुलगा, सून, आम्ही दोघं, सगळ्यांनी मिळून बघावा असा एक सिनेमा सांगा. रडका नको. — एक आजी, सांगली

आजी, 'एलिझाबेथ एकादशी' लावा. परेश मोकाशींचा, २०१४ सालचा. डोळे ओले होतील एकदोनदा, पण पदर शोधेपर्यंत हसू येतं.

गोष्ट पंढरपूरची. वडील नाहीत. आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. कर्जाचे हप्ते थकतात आणि मशीनच जातं. ते सोडवायचं तर घरात विकण्याजोगी एकच वस्तू उरलेली, ती म्हणजे वडिलांच्या हातची सायकल. तिचं नाव एलिझाबेथ. ती वाचवण्यासाठी ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण मुक्ता (घरात ती झेंडू) कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान टाकतात.

मला यातला पैशांचा हिशेब आवडतो. मुलांच्या सिनेमात पैसे बहुधा जादूने येतात. इथे पोरं एकेक रुपया मोजतात. आमच्या पार्किंगमध्ये चौथीतला एक मुलगा पडद्याकडे बघत बोटांवर गणित करत होता, मधेच मोठ्यांदा म्हणाला, "अजून लई कमी पडत्यात." त्याची आई भाजीची गाडी लावते. पुढचा अर्धा तास ती पडद्याऐवजी त्याच्याकडेच बघत होती.

आता एक सावधगिरी. ही पंढरपूरची पोरं पंढरपूरच्या पोरांसारखीच बोलतात. एखाद्या शब्दाला सूनबाईंच्या भुवया वर जातील. तेव्हा तुम्ही खोकू नका. मोठं माणूस खोकलं की सहा वर्षांच्या मुलीला नेमका तोच शब्द पाठ होतो.

आणि मोबाइल हिसकावून घेऊ नका. मधोमध भाजलेल्या शेंगांची परात ठेवा. शेंग सोलायला दोन्ही हात लागतात.

माझी बदलीची नोकरी. हे तिसरं गाव. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा सातवीत आहे. बोलत नाही, ताटावरून उठून जातो. ऑफिसातले म्हणतात त्याला 'किल्ला' दाखवा. त्याला त्रास होईल का? — एक आई, जालना

आधी तुम्ही एकटीने बघा. तो झोपल्यावर. कारण हा सिनेमा त्याचा आहे तितकाच तुमचा आहे, आणि तुमचं रडणं त्याच्यासमोर पहिल्यांदा होऊ नये.

चिन्मय सातवी-आठवीच्या वयाचा. वडील गेलेत, आईची कोकणात बदली झालीय, पुणं सुटलंय. आई अमृता सुभाष. तिची सरकारी कचेरी, तिथले टोमणे, संध्याकाळी परक्या घरात दोघांचंच जेवण. सिनेमा मुलाचा असूनही आईला तिचं स्वतःचं एकटेपण दिलंय, हे फार कमी वेळा घडतं. दिग्दर्शक अविनाश अरुण मूळचे कॅमेरामन, कॅमेराही त्यांचाच. म्हणून पाऊस, शेवाळलेली भिंत, ओला रस्ता हे सगळं मुलाच्या नजरेच्या उंचीवरून दिसतं. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला.

सगळी पोरं सायकली मारत किल्ल्यावर जातात आणि पावसात चिन्मय तिथे एकटाच मागे राहतो, तो प्रसंग येईल तेव्हा तुमचा हात आपोआप त्याच्या खांद्याकडे जाईल. तो आवरा. त्याला एकट्याला भिजू द्या. नंतर "बघ, त्यालासुद्धा असंच वाटत होतं" हे तर अजिबात नको. उठा, चहा टाका.

आमच्याकडे 'किल्ला' दाखवला तेव्हा एक मुलगा शब्द न बोलता घरी गेला. मला वाटलं, नाही आवडला. पंधरा दिवसांनी मंडईत मी मेथी निवडत होते तर पाठीमागून आवाज, "बाई, बंड्या तसा चांगलाच होता ना?" बंड्या म्हणजे चिन्मयचा तिथला वांड मित्र. त्या पोराचं त्याच आठवड्यात कुणाशी भांडण मिटलं होतं, हे मला नंतर कळलं.

मात्र जेवण, झोप, शाळा हे सगळंच बिनसत असेल तर सिनेमावर विसंबू नका. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्या, या महिन्यातच.

आमचा मुलगा दत्तक आहे, आठ वर्षांचा. अजून सांगितलेलं नाही. 'नाळ' दाखवून विषय काढावा असा विचार आहे. — एक वडील, नाशिक

नको. तुम्ही सांगायचं ते चादरीवरच्या माणसाला सांगायला लावू नका.

'नाळ'मध्ये (२०१८, सुधाकर रेड्डी यक्कंटी) नेमकं हेच बिघडतं. चैत्याला ही गोष्ट आईवडिलांकडून कळत नाही, मामाच्या तोंडून कळते. मग ते पोर रोजच्या आईकडे संशयाने बघायला लागतं, तिची माया तपासायला लागतं. श्रीनिवास पोकळेने ते काम असं केलंय की देविका दफ्तरदारची समजूतदार आई बघतानाही आपण अस्वस्थ होतो. तुमच्या मुलाने हा सिनेमा काही माहीत नसताना पाहिला आणि वर्षभराने त्याला स्वतःचं कळलं, तर तो पहिल्यांदा ही संध्याकाळ आठवेल. "म्हणजे तेव्हा तुम्ही मला तपासत होतात?" असं विचारेल.

आधी सांगा. साध्या दिवशी, साध्या शब्दांत, आणि एकदाच नाही, पुन्हापुन्हा. आठ हे वय उशिराचं नाही, पण आणखी थांबू नका. सिनेमा पुढच्या वर्षी. तेव्हा तो कदाचित तुम्हालाच म्हणेल, "तो मामा किती वाईट आहे."

'श्यामची आई'सारखे संस्कारक्षम चित्रपट आता का निघत नाहीत? — एक ज्येष्ठ नागरिक, डोंबिवली

काका, निघतात. आपण बघायला जात नाही.

'श्यामची आई' मी शाळेच्या पटांगणात पाहिला, २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला. रीळ दोनदा तुटलं. आमचे हेडसर, ज्यांच्या छडीला गाव घाबरायचं, अंधारात धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते, आणि त्या दिवसानंतर मला त्यांची भीती वाटली नाही. अत्र्यांचा तो १९५३ चा सिनेमा, वनमालाबाई आई, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्याच वर्षी मराठीला मिळालं ते त्याला. नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीकडे यायला पन्नास वर्षं लागली. २००४ मध्ये 'श्वास'ला मिळाला, आजोबा आणि डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी जाऊ घातलेला नातू. म्हणजे तोही घरचाच सिनेमा.

मागच्या डिसेंबरात मी पार्किंगमध्ये 'श्यामची आई' लावला. तो प्रसंग तुम्हाला पाठच असेल. न्हाऊन झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो, आणि आई म्हणते, पायांना जपतोस तसं मनालाही जप. माझा गळा दाटला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एका मुलीचा प्रश्न आला, "ह्याच्याकडे चप्पल नव्हती का?"

सगळे हसले. मी मात्र आधी चिडले, मग बसून विचार केला. तिला पहिल्यांदा दिसली ती गरिबी, आणि मला दिसला तो सुविचार. तिची नजर चुकीची आहे असं मला काही म्हणता येईना.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलांना मराठी समजतं, वाचता येत नाही. मराठी सिनेमाला "बोअर" म्हणतात. — दोन मुलांची आई

मग मराठीच का? इराणचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' लावा, माजिद मजिदींचा, १९९७ चा. खालच्या ओळी वाचू नका. आवाज बारीक करून तुम्ही स्वतः मराठीत सांगत बसा, कीर्तनात बुवा सांगतात तसं. मी पार्किंगमध्ये असंच करते. फारसी मला एक अक्षर येत नाही.

अली दुरुस्त करून आणलेले बहिणीचे बूट भाजीच्या दुकानापाशी हरवतो. घरी सांगायची सोय नाही, वडिलांकडे नव्या बुटांना पैसे नाहीत. मग एकाच जोडावर दोघांची शाळा. झाहरा सकाळी, अली दुपारी, आणि मध्ये गल्लीबोळांतून धावत येऊन बुटांची अदलाबदल. सकाळची शाळा आणि दुपारची शाळा हे माझ्या मुलांना समजवावंच लागलं नाही, दोघी बहिणी तर एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. तुमच्याकडे तेवढं एक वाक्य जास्त सांगावं लागेल. शर्यतीत अलीला तिसरा नंबर का हवा असतो, ते मात्र आधी सांगू नका.

'फँड्री' कितव्या वर्षी दाखवावा? आणि हे यूए १३+ म्हणजे काय? — एक शिक्षक, बीड

यूए म्हणजे सेन्सॉर बोर्ड सिनेमाला देतं ते एक प्रमाणपत्र. २०२४ पासून त्याचे तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+. त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचं की नाही हे आईवडिलांनी ठरवायचं. दारावर कुणी अडवत नाही. जुन्या सिनेमांवर हा आकडा सापडणार नाही, तिथे आपणच आधी बघून घ्यायचं.

'फँड्री' माझ्या मते तेराच्या पुढे, आणि शिक्षक खोलीत हजर हवा. नागराज मंजुळेंचा जब्या शाळेत शालूसाठी झुरतो, आणि त्याच शाळेच्या कुंपणाबाहेर त्याला घरच्यांबरोबर डुकरं पकडावी लागतात. पकडापकडीत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर निघून जातं. आमच्याकडे हा प्रसंग आला तेव्हा चादरीसमोरची मुलंही उठून उभी राहिली, सवयीने. काही जण हसत होती. गीत संपल्यावर खाली बसताना कुणी हसलं नाही.

सर, तुमच्या वर्गात कोण कुठल्या वस्तीतून येतं ते तुम्हाला माहीत आहे. सिनेमा चालू असताना त्या मुलांकडे वळून बघू नका. बाकीच्यांनी वळू नये म्हणून तुम्ही मागे नाही, पुढे बसा.

मी चौथीत आहे. सिनेमातल्या मुलांचे बाबा नेहमी मेलेले का असतात? — कोल्हापूर

बाळा, इतकी वर्षं सिनेमे दाखवते, पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मोजून पाहिलं. 'एलिझाबेथ एकादशी'त बाबा नाहीत, 'किल्ला'त नाहीत. तुझं बरोबर आहे.

मला वाटतं हा लिहिणाऱ्यांचा आळस आहे. बाबा असते तर त्यांनी सायकल विकू दिली नसती, किल्ल्यावर एकट्याला राहू दिलं नसतं, आणि सिनेमा वीस मिनिटांत संपला असता. म्हणून त्यांना आधीच काढून टाकतात.

पण असलेले बाबाही सापडतात. जब्याचे आहेत, तो सिनेमा तू मोठा झाल्यावर बघ. आत्ता अलीचे बघ. वर न्यू जर्सीच्या काकूंना सांगितला तोच सिनेमा. अलीचे बाबा त्याला सायकलवर पुढे बसवून मोठमोठ्या बंगल्यांच्या भागात बागकाम मागायला जातात. दाराच्या बाहेर बोलायचं यंत्र असतं आणि त्यातून आवाज आला की बाबा अडखळतात, काय बोलावं सुचत नाही. मग अली पुढे होऊन बोलतो. काम मिळतं, पैसे मिळतात, बाबा खुशीत. परत येताना उतारावर सायकलचे ब्रेक लागत नाहीत.

तो सिनेमा तुझ्या बाबांना शेजारी बसवून बघ. त्यांचा फोन आईकडे देऊन ठेव.