टीव्ही नसला तरी जर्मनीत वर्गणी भरावी लागते का?

डिचोलीहून आखेनला मास्टर्स करायला निघालास आणि विचारतोस, "ताई, खोलीत मी टीव्ही घेणार नाही, रेडिओही नाही. स्विंडनचा मावसभाऊ म्हणतो, टीव्ही नसेल तर एक पैसा देऊ नकोस, पत्र आलं तर फाडून टाक. खरं काय?"

मावसभाऊ त्याच्या देशापुरतं बरोबर सांगतो. ब्रिटनमध्ये थेट प्रक्षेपण किंवा बीबीसीचा आयप्लेअर पाहणाऱ्यालाच लायसन लागतं, 2025-26 साली त्याचे वर्षाला 174.50 पौंड होते. पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेलेल्या आपल्या माणसांच्या तर हे लक्षातही येत नाही, कारण तिथे महिन्याचे 2.85 युरो आणि वर व्हॅट वीजबिलातच लागून येतात. जर्मनीत मात्र 2013 पासून ही वर्गणी घरावर आहे, यंत्रावर नाही. तिचं नाव रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे सार्वजनिक टीव्ही-रेडिओ चालवण्यासाठीची वर्गणी. ऑगस्ट 2021 पासून दर घराला महिन्याला 18.36 युरो, आणि बिल तीन महिन्यांचं एकदम, 55.08 युरोंचं येतं. तेव्हा पत्र फाडू नकोस.

पत्र येणार हे नक्की. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, करावी लागते. ती माहिती तिथून ही वर्गणी गोळा करणाऱ्या कोलोनच्या बाइट्रागसर्व्हिसकडे जाते. उत्तर दिलं नाहीस तरी ते तुझ्या नावाने खातं उघडतात आणि थकबाकी चढू लागते. दर थकलेल्या बिलावर किमान 8 युरो दंड, मग वसुलीची नोटीस, आणि शेवटी बँकखात्यावर जप्तीसुद्धा येऊ शकते. नवख्या मुलाला हा ताप परवडणारा नाही.

आता तुझ्या कामाची गोष्ट. एका घराला एकच वर्गणी. चौघांच्या सामायिक फ्लॅटमध्ये, म्हणजे इथल्या वे-गेत राहिलास, तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी आपल्या पत्राला उत्तर देताना त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. वाटून घेतलं तर प्रत्येकी महिन्याला 4.59 युरो पडतात. वसतिगृहात मात्र नीट पाहायचं. तुझ्या खोलीचं दार सगळ्यांच्या कॉरिडॉरमध्ये उघडत असेल तर ती खोली स्वतंत्र घर धरली जाते आणि पूर्ण 18.36 तुझ्या एकट्यावर येतात. दोन-तीन खोल्यांच्या बंद फ्लॅटमधली खोली असेल तर सगळ्यांत मिळून एक.

माफी आहे, पण ती बाफ्योग नावाची सरकारी शिक्षणमदत घेणाऱ्यांना किंवा सामाजिक भत्त्यावर जगणाऱ्यांना. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांना बाफ्योग सहसा मिळत नाही, म्हणून "मी विद्यार्थी आहे" एवढं सांगून सुटका होत नाही. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक खात्यातून महिन्याला 992 युरो मिळतात, त्यातच हे बसवून ठेव. आणि फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. बाइट्रागसर्व्हिसच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सगळे फॉर्म फुकट आहेत.

हे अन्यायाचं आहे का? एका बाबतीत मला नक्की वाटतं. डॉक्टरच्या बंगल्याला आणि अर्धवेळ भांडी घासणाऱ्या विद्यार्थ्याच्या खोलीला एकच आकडा, हे मला पटलेलं नाही. शिवाय 2022 मध्ये बर्लिनच्या आरबीबी वाहिनीच्या प्रमुख बाईंना उधळपट्टीच्या आरोपांवरून पदावरून काढलं, तेव्हा लोकांचा संताप रास्तच होता.

तरीही ही वर्गणी मी मनापासून भरते. हिटलरच्या राजवटीत इथला रेडिओ सरकारचा भोंगा झाला होता, म्हणून युद्धानंतर तो सरकारच्या हातापासून लांब ठेवायचं ठरलं. चॅन्सेलर आडेनाउअर यांना केंद्र सरकारच्या ताब्यातली टीव्ही कंपनी हवी होती. 28 फेब्रुवारी 1961 रोजी घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. आजही किती पैसे लागतील हे आधी एक स्वतंत्र आयोग ठरवतो, मग सोळाही राज्यं मान्यता देतात. 2020 च्या शेवटी एकट्या साक्सेन-आनहाल्टने वाढ अडवली, तर न्यायालयाने ती 2021 मध्ये लागू केली. बातमी आवडली नाही म्हणून कुठल्याही सरकारला पैसा आवळता येऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

गोव्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या सेन्सॉरखाली आपल्याकडे एमिसोरा द गोवा ही सरकारी रेडिओ वाहिनी होती. तिच्यावर जे ऐकू येत नसे ते लोकांपर्यंत पोचवायला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 पासून गोव्याच्या सीमेबाहेरच्या जंगलात लपून रेडिओ चालवला, थेट डिसेंबर 1961 पर्यंत. आपल्याकडेही पूर्वी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढावं लागे. ते ऐंशीच्या दशकात बंद झालं, आणि आज प्रसार भारतीचा मोठा खर्च केंद्राच्या अनुदानातून भागतो. पणजी आकाशवाणीवर मराठी-कोकणी कार्यक्रम ऐकत मी मोठी झाले. त्या केंद्राची तिजोरी दिल्लीच्या मर्जीवर असू नये असं मला फार वाटतं.

पैसे भरतोच आहेस तर वसूलही कर. संध्याकाळी आठला आआर्दे या सार्वजनिक वाहिनीवर टागेसशाऊ लागतं, पंधरा मिनिटांच्या स्वच्छ बातम्या. डॉइच्लांडफुंक या सार्वजनिक रेडिओच्या नाखरिश्टनलाइश्ट संकेतस्थळावर बातम्या सोप्या जर्मनमध्ये मिळतात. जर्मन भाषेच्या बी-वन परीक्षेआधी नेमाने वाचल्यास तर क्लासइतकाच उपयोग होईल. आआर्दे आणि दुसरी सार्वजनिक वाहिनी त्सेडेएफ यांच्या मेडियाटेकला, म्हणजे ऑनलाइन कार्यक्रम पाहायला, वेगळे पैसे नाहीत. मुख्य वाहिन्यांवर रात्री आठनंतर जाहिराती नसतात, रविवारी तर दिवसभर नाहीत.

शिक्षण संपवून जर्मनी सोडशील तेव्हा नगरपालिकेतून नाव काढलं म्हणजे हे खातं आपोआप बंद होत नाही. बाइट्रागसर्व्हिसला वेगळं कळवावं लागतं, सोबत आबमेल्डुंगची, म्हणजे नाव काढल्याच्या दाखल्याची, प्रत जोडून. नाहीतर तू डिचोलीत आणि बिलं आखेनच्या जुन्या पत्त्यावर. पण तो पुढचा प्रश्न. आत्ता वसतिगृहाच्या कचेरीला ईमेल करून एवढंच विचार की तुझी खोली स्वतंत्र घर धरतात की फ्लॅटचा भाग. फ्लॅटचा भाग असेल तर तिथे आधीपासून कोण भरतो त्याचा वर्गणी क्रमांक विमानात बसायच्या आधीच मागून घे.