वाचकांचे प्रश्न : कार्यालयाचा फोन इंटरनेटवर नेताना

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत इंटरनेटवरून चालणाऱ्या कार्यालयीन फोनविषयी बरेच प्रश्न आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची अनेक पत्रे होती, तेथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील जुनी ईपीएबीएक्स यंत्रणा, म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, काढून सगळे फोन इंटरनेटवर घ्यावेत, असा प्रस्ताव आमच्यापुढे आहे. इंटरनेटवरून आवाज नेमका कसा जातो आणि जुन्या यंत्रणेच्या तुलनेत मुळात काय बदलते?

उत्तर : जुन्या टेलिफोनमध्ये कॉल लागला की दोन टोकांमधला एक मार्ग त्या संभाषणासाठी राखून ठेवला जात असे आणि फोन खाली ठेवेपर्यंत तो दुसऱ्या कोणाला मिळत नसे. इंटरनेटवर असा राखीव मार्ग नसतो. आयपी फोन तुमच्या आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतो, प्रत्येक नमुना 8 बिटांत नोंदवतो आणि साधारण 20 मिलिसेकंदांचा आवाज जमला की त्याचे 160 बाइटांचे एक पॅकेट करून पाठवून देतो. सेकंदाला अशी 50 पॅकेटे निघतात. ही जी.711 नावाच्या कोडेकची, म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या पद्धतीची, रीत असून तिच्यात नुसत्या आवाजाला सेकंदाला 64 किलोबिट लागतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता, अनुक्रमांक आणि वेळ यांची 40 बाइटांची नोंद असते. ती धरली की एका बाजूचा आवाज 80 किलोबिटांवर जातो आणि कार्यालयातल्या केबलवर आणखी थोडा वाढतो. जी.729 हा कोडेक आवाज 8 किलोबिटांत बसवतो, पण त्या 40 बाइटांच्या नोंदीत काही घट होत नाही, त्यामुळे त्याचाही प्रत्यक्ष खर्च 24 किलोबिटांच्या आसपास येतो.

कॉल जोडण्याचे काम आणि आवाज वाहण्याचे काम ही दोन कामे येथे वेगवेगळी आहेत, आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ समजण्यासाठी हे ध्यानात ठेवावे लागते. जोडणीचे काम एसआयपी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसांत बोलण्याचे ठरलेले नियम, करतो. त्याचे पहिले प्रमाणित रूप 1999 मध्ये आले आणि आज वापरात असलेले मूळ रूप 2002 चे आहे. तुम्ही नंबर फिरवला की तुमचा फोन सर्व्हरला ‘इन्व्हाइट’ हा संदेश पाठवतो. आपला आवाज कोणत्या पत्त्यावर स्वीकारला जाईल आणि आपल्याला कोणकोणते कोडेक चालतात, हे त्यातच लिहिलेले असते. पलीकडे घंटी वाजू लागली की 180 क्रमांकाचे उत्तर येते, फोन उचलला की 200 क्रमांकाचे येते, आणि समोरचा दुसऱ्या कॉलवर असेल तर 486. त्यानंतर आवाजाची पॅकेटे आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने, पुष्कळदा दुसऱ्याच वाटेने, वाहू लागतात.

मुळात बदलते ती जबाबदारी. पूर्वी मार्ग राखण्याचे, वीज पुरवण्याचे आणि आवाज वेळेवर पोहोचवण्याचे काम एक्स्चेंजकडे होते. आता त्याचा मोठा भाग तुमच्या राउटरवर, कार्यालयातल्या केबली जोडणाऱ्या स्विचवर आणि ते सांभाळणाऱ्या माणसावर येतो. प्रस्तावात फोनसंचांच्या सोयींची पाने भरलेली असतील. त्यात तुमच्या नेटवर्कच्या तपासणीविषयी काय लिहिले आहे, ते आधी पाहावे, आणि काहीच लिहिलेले नसेल तर तो प्रस्ताव अपुरा समजावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

प्रश्न : आमच्याकडे 100 मेगाबिटांचे इंटरनेट आहे आणि एका वेळी जास्तीत जास्त 10 कॉल चालतात. तरीही दिवसातून काही वेळा आवाज तुटतो, समोरच्याचे शब्द अर्धवट येतात. सेवा देणारे म्हणतात, वेग भरपूर आहे. मग दोष कुठे आहे?

उत्तर : वेग भरपूर आहे, हे त्यांचे म्हणणे खरे असू शकते आणि आवाज तुटतो हे तुमचे म्हणणेही. 10 कॉलना प्रत्येक दिशेला मिळून एक मेगाबिटही लागत नाही. संभाषणाला लागते ती वेळेची नियमितता, आणि वेगाच्या आकड्यावरून ती कळत नाही. प्रत्येक 20 मिलिसेकंदांनी निघालेले पॅकेट त्याच अंतराने पोहोचले पाहिजे. ते अंतर कमीजास्त होऊ लागले की त्याला जिटर म्हणतात. फोनमध्ये त्यासाठी एक छोटा साठा असतो. त्यात पॅकेटे काही क्षण थांबवून सारख्या अंतराने वाजवली जातात, पण साठ्यात थांबण्याची मुदत उलटल्यावर आलेले पॅकेट टाकूनच द्यावे लागते. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवण्याची सोय आवाजासाठी वापरत नाहीत, कारण ते येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. तुम्हाला ऐकू येणारे अर्धवट शब्द म्हणजे अशी हरवलेली किंवा उशिरा आलेली पॅकेटे होत.

बोललेला शब्द समोरच्याच्या कानी पडेपर्यंतचा एकतर्फी विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.114 ही शिफारस आहे. विलंब त्याच्या फार पुढे गेला की दोघे एकमेकांच्या बोलण्यात शिरू लागतात आणि आपण असभ्यपणे बोलत आहोत, असे दोघांनाही उगाच वाटते. ग्राहकाशी रोज बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांना याचा जो मनस्ताप होतो, तो बिलाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही, म्हणून हा प्रश्न आम्ही सविस्तर घेत आहोत.

आता तुमच्या कार्यालयातील एक शक्यता आकड्यांत मांडून पाहू. 100 मेगाबिट हा बहुधा डाउनलोडचा वेग असतो. अपलोड पुष्कळ जोडण्यांवर कितीतरी कमी असतो. समजा, तो 10 मेगाबिट आहे. कोणी तरी मोठी फाइल क्लाउडवर चढवली, किंवा संगणकाचा आपोआप होणारा बॅकअप सुरू झाला, की राउटर बाहेर जाऊ न शकलेला डेटा आपल्या रांगेत साठवत जातो. त्या रांगेत दहा लाख बाइट, म्हणजे 80 लाख बिट साठले, तर ते बाहेर पडायला 0.8 सेकंद लागतात. तुमच्या आवाजाचे इवलेसे पॅकेट त्यांच्या मागे उभे राहिले तर त्यालाही तितकाच वेळ लागतो. वर सांगितलेल्या मर्यादेच्या पाचपटीहून जास्त विलंब असा कार्यालयाच्या दारातच होतो. वेगाच्या चाचणीत मात्र सगळे उत्तम दिसते, कारण ती चाचणी किती डेटा गेला एवढेच सांगते.

हे तपासायला फारसे काही लागत नाही. फोन जेथे जोडले आहेत, त्याच नेटवर्कवरील संगणकावरून फोनसेवेच्या सर्व्हरला ‘पिंग’, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारी आज्ञा, चालू ठेवा, येणाऱ्या वेळा पाहत राहा आणि दुसऱ्या संगणकावरून एक मोठी फाइल अपलोड करा. एरवी 20 किंवा 30 मिलिसेकंदांवर असणारे आकडे अपलोड सुरू होताच काही शेकड्यांवर गेले, तर दोष सापडला. काही सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत. तसे असल्यास इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीच्या पहिल्या टप्प्यावरील पत्ता वापरावा.

उपाय राउटरमध्ये आहे. बाहेर जाणाऱ्या वेगाची मर्यादा प्रत्यक्ष अपलोडपेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे रांग तुमच्याच राउटरमध्ये तयार होते आणि तिची व्यवस्था तुमच्या हाती राहते. त्यानंतर आवाजाच्या पॅकेटांना अग्रक्रम द्यावा. फोन स्वतः या पॅकेटांवर अग्रक्रमाची खूण घालतात आणि आवाजासाठी 46 हा अंक रूढ आहे. ही खूण कार्यालयाबाहेर सार्वजनिक इंटरनेटवर सहसा कोणी मानत नाही, हे जाणून असावे. परंतु खोळंबा तुमच्या दारातच होत असेल तर तेवढ्यानेही बराच फरक पडतो. टेबलावरचे फोन वाय-फायवर असतील तर ते केबलवर घ्यावेत. वाय-फायवर सगळी उपकरणे एकच हवा वाटून घेतात आणि एकाच्या गर्दीचा जिटर दुसऱ्याच्या कॉलमध्ये येतो. इतके करण्याआधी जास्त वेगाची योजना घेऊ नये. पैसे जातात आणि आवाज बहुधा तुटतच राहतो.

प्रश्न : काही कॉलमध्ये आम्हाला समोरच्याचे ऐकू येते, पण त्यांना आमचे ऐकू जात नाही, तर काही कॉलमध्ये उलटे होते. काही कॉल अर्ध्या मिनिटात आपोआप तुटतात. फोनसंच बदलून पाहिले, तरी फरक पडला नाही.

उत्तर : फोनसंच निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त आहे. तुमच्या फोनला कार्यालयात 192.168 ने सुरू होणारा अंतर्गत पत्ता असतो आणि बाहेर जाताना राउटर त्याच्या जागी सार्वजनिक पत्ता लावतो. परंतु ‘इन्व्हाइट’ संदेशाच्या आत फोनने स्वतःच्या हाताने लिहिलेला पत्ता अंतर्गतच राहिला, तर पलीकडची यंत्रणा आपला आवाज त्या पत्त्यावर पाठवते, आणि कार्यालयाबाहेर त्या पत्त्याला काही अर्थ नसतो. कॉल लागतो, कारण जोडणीचे संदेश बरोबर पोहोचलेले असतात, पण आवाज एका बाजूने हरवतो.

अर्ध्या मिनिटात तुटणाऱ्या कॉलची वेळ घड्याळ लावून मोजा. ती 32 सेकंदांच्या आसपास येत असेल तर कारण जवळजवळ निश्चित सांगता येते. फोन उचलल्याची सूचना दुसऱ्या बाजूला पोहोचल्यावर तिकडून पोच यावी लागते. ती आली नाही, तर सूचना पुन्हा पुन्हा पाठवली जाते आणि एसआयपीच्या नियमाप्रमाणे 32 सेकंदांनी प्रयत्न सोडून कॉल बंद केला जातो. पोच राउटरवर किंवा बाहेरून होणारा नको तो प्रवेश रोखणाऱ्या फायरवॉलवर अडते आहे, असा याचा अर्थ.

अनेक राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय आधीपासून चालू असते. संदेशातले पत्ते दुरुस्त करावेत या हेतूने ती दिलेली असते, पण पुष्कळदा तीच ते बिघडवते. प्रथम ती बंद करून पाहावी. फोन बाहेर लागतात पण बाहेरून येणारे कॉल काही वेळाने येईनासे होतात, अशीही तक्रार एका वाचकाने केली आहे. तेथे राउटर फोनची नोंद विसरून जातो. फोनने सर्व्हरशी ठरावीक काळाने संपर्क ठेवण्याची मुदत कमी केली की हा दोष सहसा जातो.

प्रश्न : स्वतःचा सर्व्हर कार्यालयात ठेवावा, की क्लाउडवरची सेवा घ्यावी?

उत्तर : सर्व्हर सांभाळणारे माणूस तुमच्याकडे असेल तरच तो कार्यालयात ठेवावा. 1999 मध्ये मार्क स्पेन्सर यांनी सुरू केलेल्या ॲस्टेरिस्कसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे साध्या संगणकावर पूर्ण ईपीएबीएक्स उभी करता येते आणि ती उत्तम चालते. पण तिचे अद्ययावतीकरण, बॅकअप आणि सुरक्षा ही रोजची कामे आहेत. ती करणारे कोणी नसेल तर क्लाउड बरे. क्लाउडचा आणखी एक फायदा आहे : कार्यालयाचे इंटरनेट पूर्ण बंद पडले तरी येणारा कॉल कुठे वळवायचा हे सेवेच्या बाजूला ठरलेले असल्याने तो मोबाइलवर घेता येतो. दोन्ही प्रकारांत एक्स्टेंशनची संख्या आणि एका वेळी चालणाऱ्या कॉलची संख्या वेगळी धरावी. 40 टेबले असली, तरी बाहेरचे 40 कॉल एकाच क्षणी क्वचितच चालतात, आणि एसआयपी ट्रंकवरील, म्हणजे कार्यालयाला बाहेरच्या टेलिफोनशी जोडणाऱ्या इंटरनेटवरील जोडणीवरील, वाहिन्या प्रत्यक्ष वापरावरून घ्याव्यात. जुना नंबर नव्या सेवेकडे आल्याची खात्री होईपर्यंत जुनी लाइन बंद करू नये. आधी बंद केली तर तो नंबर परत मिळेलच असे नाही.

प्रश्न : वीज गेल्यावर हे फोन चालतील का?

उत्तर : तुम्ही सोय केली असेल तरच चालतील. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधून सुमारे 48 व्होल्टची वीज येत असे, त्यामुळे इमारत अंधारात असली तरी फोन लागत असे. आता फोन, स्विच, राउटर आणि फायबर जेथे येते ती पेटी यांपैकी एकही बंद पडले की संभाषण थांबते. केबलमधूनच वीज घेणारे फोन निवडले, तर प्रत्येक टेबलासाठी वेगळी सोय करावी लागत नाही आणि स्विच, राउटर व फायबरची पेटी एवढीच यूपीएसवर ठेवली तरी पुरते. आपत्कालीन सेवेसाठीचा मुद्दा मात्र विजेपुरता नाही. इंटरनेटवरचा नंबर जागेला बांधलेला नसतो, म्हणून मदत भलत्याच पत्त्यावर जाऊ नये यासाठी सेवेकडे नोंदवलेला पत्ता कार्यालय हलवताना बदलावाच, आणि घरून काम करणाऱ्यांनाही हे स्पष्ट सांगावे.

प्रश्न : फॅक्स आणि लिफ्टमधला आपत्कालीन फोन याच यंत्रणेवर चालेल का?

उत्तर : फॅक्ससाठी टी.38 ही वेगळी पद्धत आहे. ती तुमच्या उपकरणात आणि सेवेत, दोन्हीकडे असावी लागते. जी.729 वर फॅक्स जात नाही, कारण तो कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला आहे आणि यंत्राचे सूर त्यात मोडतात. लिफ्टचा फोन आणि चोरीची सूचना देणारी यंत्रणा यांविषयी ती बसवणाऱ्यांकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय त्यांची लाइन तोडू नये.

प्रश्न : एका रात्रीत आमच्या नंबरवरून परदेशी नंबरांना शेकडो कॉल गेले आणि मोठे बिल आले. कार्यालय बंद होते. हे कसे घडले असेल?

उत्तर : हा प्रकार जगभर चालतो आणि तो बहुतेकदा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी होतो, कारण तेव्हा पाहणारे कोणी नसते. एसआयपीचे संदेश ज्या क्रमांकाच्या दारातून आत येतात, ते त्याचे नेहमीचे पोर्ट 5060 आहे. इंटरनेटवर ते कुठे उघडे आहे, हे शोधणारे प्रोग्रॅम अखंड फिरत असतात. ते एक्स्टेंशनचे क्रमांक ओळीने घेतात आणि सोपे पासवर्ड लावून पाहतात. एक्स्टेंशन 201 आणि पासवर्डही 201, अशी मांडणी आढळली की काम झाले. त्यानंतर जास्त दराच्या नंबरांना कॉल लावले जातात आणि त्या दरातील वाटा फसवणाऱ्यांना मिळतो.

सर्वप्रथम सेवेकडून परदेशी कॉल बंद करून घ्या आणि ज्यांना गरज आहे, तेवढ्याच एक्स्टेंशनवर व तेवढ्याच देशांसाठी उघडा. दिवसाच्या खर्चाला आणि एका वेळच्या कॉलना वरची मर्यादा घालून घ्या. सर्व्हर तुमच्याकडे असेल तर फायरवॉलमधून फक्त सेवेच्या पत्त्यांना प्रवेश ठेवा. प्रत्येक एक्स्टेंशनचा पासवर्ड लांब आणि वेगळा असावा. फोनसंचाच्या आणि व्हॉइसमेलच्या कारखान्यातून आलेल्या संकेतांकांकडे दुर्लक्ष होते. व्हॉइसमेलमधून कॉल वळवण्याची सोय असेल तर तेही दार उघडेच असते, म्हणून ते संकेतांकही बदलावेत. संदेश आणि आवाज सांकेतिक करण्याची सोय सेवेत असेल तर ती चालू करावी. मात्र साध्या टेलिफोनवर जाणाऱ्या कॉलचे हे संरक्षण सेवेच्या यंत्रणेपर्यंतच राहते. झालेल्या कॉलची यादी सर्व्हरवरून उतरवून सेवा देणाऱ्यांकडे लगेच लेखी तक्रार करा. यादीत कॉल कोणत्या पत्त्यावरून लावले गेले ते दिसते, आणि कोणते एक्स्टेंशन फुटले हे त्यावरूनच कळेल. तेवढे एक्स्टेंशन बंद केल्याशिवाय यंत्रणा पुन्हा सुरू करू नका.