गोव्याच्या लग्नाला जा, पण कार्डाच्या हप्त्यावर नको

पिंपरीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वय ३६, हातात येणारा पगार ६८ हजार, पत्नीच्या शिकवण्यांचे ९ हजार, घरी सात वर्षांची मुलगी. गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ६३ हजार, मुलीच्या शिक्षणासाठी ६ हजारांची एसआयपी, आणि मग उरतात ८ हजार. अडीनडीसाठी दीड लाखाची एफडी आहे. सांगलीला इंजिनिअरिंग करताना होस्टेलच्या एकाच मजल्यावर राहिलेले सहा मित्र, त्यांतल्या एकाचं लग्न ११ ते १३ डिसेंबरला, शुक्रवार ते रविवार, गोव्यात बाणावलीला आहे. दोघे अमेरिकेहून येताहेत. सहाही जण १४ वर्षांनी एकत्र भेटणार. तिघांचा खर्च ७५ हजार निघतोय. कार्डावर १२ हप्ते करावेत की एफडी मोडावी, असं ते विचारतात. पत्नीचं म्हणणं, "तुम्ही एकटे जाऊन या, एवढ्यात हिची वर्षाची फी निघते."

तुम्ही जायलाच हवं. चाळिशीच्या उंबरठ्यावर, दोघे परदेशात असताना, सहा जण पुन्हा एका जागी कधी येतील याचा भरवसा नाही. ज्यांच्यासोबत मेसचं बिल थकवलं, सबमिशनच्या रात्री जागवल्या, त्यांना भेटणं ही चैन आहे असं मी मानत नाही. पण ऋण काढून हा सण करू नका, आणि तशी गरजही पडणार नाही.

तुमची खर्चाची यादी नीट पाहिली. विमान २७ हजार, व्हिला १४ हजार, कपडे १५ हजार, टॅक्सी ६ हजार, आहेराची वर्गणी ५ हजार, वरखर्च ८ हजार. शुक्रवार-शनिवारची खोली आणि जेवणखाण यजमानांकडे आहे, म्हणजे लग्नाने तुमच्यावर फारसा भार टाकलेलाच नाही. मित्रांनी आदल्या गुरुवारी आणि नंतर रविवारी रात्री वेगळा व्हिला घ्यायचं ठरवलं, विमानाने जायचं ठरलं, संगीताला ठरावीक रंगाचे कपडे आले, आणि आकडा फुगत गेला.

आधी तुमचे दोन पर्याय. कार्डावर वर्षाला १६ टक्क्यांनी हप्ते केले, तर महिन्याला ६,८०० भरावे लागतील. व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ७,९०० रुपये वर जातील, प्रोसेसिंग फी वेगळी. मला जास्त काळजी ८ हजारांतून ६,८०० वर्षभर जाण्याची वाटते. मध्ये मुलगी आजारी पडली, गाडीचं काम निघालं, तर कार्डाचं बिल पूर्ण भरता येणार नाही. मग थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं, आणि किराण्याची खरेदीही त्यात ओढली जाते.

एफडी मोडणं त्या मानाने स्वस्त. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात, नुकसान काहीशे रुपयांचं. पण दीड लाख म्हणजे तुमचा अडीच महिन्यांचाही खर्च नाही. त्यातला अर्धा उचललात तर नोकरीत काही झालं तर जेमतेम सव्वा महिना निघेल. खासगी नोकरी आणि डोक्यावर घराचं कर्ज असताना तिला हात लावू नका.

ऑगस्ट ते नोव्हेंबर चार पगार हातात आहेत. दर महिन्याचे ८ हजार पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाका, ३२ हजार होतात. हीच तुमची मर्यादा. आता तीत बसवू.

विमान सोडा. स्वस्त तिकीट मोपा विमानतळाचं मिळालं तर विमानतळ उत्तरेला पेडण्यात आणि लग्न दक्षिणेला सासष्टीत, मध्ये अख्खा गोवा, आणि तिथली टॅक्सी महाग. गोवा एक्स्प्रेस पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा करत थेट मडगावला जाते, तिथून बाणावली जवळ. थ्री एसीचं तिघांचं जाणं-येणं सात हजार धरा. मुलीला वेगळा बर्थ घेतला तर तिचं पूर्ण तिकीट लागेल, ते यात धरलंय.

व्हिला एकच रात्र घ्या, आणि ती गुरुवारची. शुक्रवारपासून मेंदी, हळद, संगीत. नवरदेव तुमच्या हाती लागणार नाही. रविवारी रात्री निम्म्यांचं लक्ष विमानाच्या वेळेकडे असेल. सगळ्यांनी पाय पसरून पहाटेपर्यंत बोलत बसायचं असेल तर गुरुवारीच. म्हणजे बुधवारी निघायचं, रविवारी परत. व्हिलाचे ७ हजार, आहेराचे ५ हजार (यात काटकसर नको), तिथल्या फिरण्या-खाण्याचे ४ हजार, कपड्यांचे ४ हजार. घरातली पैठणी आणि तुमचा एक नवा कुर्ता एवढ्यावर तिन्ही कार्यक्रम निभावतात. एकूण २७ हजार. पाच हजार हाताशी राहतात.

त्यातूनही कमी पडलं तर एसआयपीचे एक-दोन हप्ते थांबवा, बहुतेक फंडांत ती सोय असते. कर्जापेक्षा ते केव्हाही बरं.

पत्नीचा विरोध खर्चाला आहे, आणि ७५ हजारांच्या बाबतीत त्या बरोबर आहेत. २७ हजारांचा हिशेब दाखवून त्यांना पुन्हा विचारा. एकटे गेलात तर १५ हजारांत भागेल, पण पैसे वाचवायचे म्हणून त्या मागे राहत असतील तर नेऊ नये असं काही मला दिसत नाही. त्यांना खरंच यायचं नसेल तर मात्र आग्रह करू नका.

अवघड जागा आहे ती मित्रांना सांगण्याची. अशा वेळी एक जण सगळ्यांचं बुकिंग स्वतःच्या कार्डावर करतो आणि नंतर सहा वाटे पाडतो. एकदा बुकिंग झालं की तोंड उघडता येत नाही, म्हणून आजच ग्रुपवर लिहा: "आम्ही रेल्वेने येतोय, व्हिलात गुरुवारी आहोत, रविवारी निघतोय. वाटा तसा धरा." कारण देत बसू नका. डॉलरमध्ये कमावणाऱ्या दोघांना तुमचा महिना कसा जातो हे सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि इथल्या इतरांपैकी कुणी अशाच वाक्याची वाट पाहत असेल.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवस गाडी जिथून सुटते तिथून मोजतात, आणि गोवा एक्स्प्रेस दिल्लीहून आदल्या दिवशी निघते, म्हणून ९ डिसेंबरचं साधारण ९ ऑक्टोबरला, १३ डिसेंबरच्या परतीचं १४ ऑक्टोबरला. दोन्ही सकाळी आठला बसून काढा, डिसेंबरात गोव्याच्या गाड्या लवकर भरतात. आणि दिवाळीचा बोनस मिळाला तर तो या सहलीत मिसळू नका. तीन महिन्यांच्या खर्चाला तुमच्या एफडीत ३९ हजार कमी आहेत, तो तिकडे जाऊ द्या.