यवतमाळकडच्या काळ्या वावरात गोड वाइनसाठी चेनिन ब्लाँ द्राक्षाची बाग लावली तर गोडी भरेल का?

भाऊ, गोडीची काळजी सोडा. आपल्याकडच्या उन्हात साखर भरतेच. टिकत नाही ती आंबटी. आणि आंबटी गेली की गोड वाइन नुसत्या पाकासारखी लागते.

त्यामुळे वाण तुम्ही बरोबर निवडलाय. चेनिन मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली, तिथल्या व्हूव्रे गावची गोड वाइन हिचीच. मणी पिवळसर पिकला तरी आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवतो. पण घड गच्च, साल पातळ. पिकलेल्या बागेवर एक अवकाळी सर पडली की मणी तडकतात, कूज आतून सुरू होते आणि वरून दिसेपर्यंत रसाला व्हिनेगरचा वास आलेला असतो. फ्रान्समध्ये धुक्यातल्या बुरशीने मणी सुकून रस घट्ट होतो, त्याची आशा इथे धरू नका.

खरा अडसर भारी, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीचा. वावरातला उताराचा, मुरमाड तुकडा शोधा. दोन फूट खड्डा खणून पाण्याने भरा; दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे वेल नको. खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात तो, 110 आर जातीचा घ्या. डॉगरिज हा दुसरा खुंट सहज मिळतो, पण वेल माजवतो आणि पोटॅश जास्त ओढतो, त्याने रसाचा पीएच चढतो, म्हणजे आंबटी उतरते. आपल्याला तेच टाळायचंय.

एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी करतात त्या खरड छाटणीनंतर नवी फूट नेमकी मे महिन्यात, 45 अंशांत वाढते आणि पुढच्या वर्षीचे घड त्याच काड्यांत तयार होतात. तेव्हा विहीर आटत असेल तर हा विषय इथेच थांबवा. फळासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. आधी केली तर परतीच्या पावसात डाऊनी ही बुरशी घडच खाते. उशीर केला तर पीक मार्चच्या उन्हात आणि गारपिटीत सापडतं. घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडची काढा, पश्चिमेची राहू द्या, नाहीतर मणी भाजतात.

आता मुख्य युक्ती. रसातल्या साखरेचं माप 22 ब्रिक्सवर आलं की घड असलेली काडी घडाच्या मागे, ओलांड्याच्या (वेलाच्या आडव्या फांदीच्या) बाजूला कापा आणि तारेवरच लटकू द्या. पाणी तुटल्यामुळे मणी सुकतो, साखरेसोबत आम्लही घट्ट होतं. नुसती तोडणी लांबवली तर साखर चढते पण आम्ल जळतं. काडीचं नुकसान नाही, एप्रिलमध्ये ती छाटायचीच असते. रोज सकाळी वेगवेगळ्या ओळींतले, घडाच्या वरचे-मधले-शेंड्याचे मिळून 100 मणी ठेचून मोजा. 26 ब्रिक्सला तोडणी. त्या रसात लिटरला साधारण 270 ग्रॅम साखर असते. 12 टक्के अल्कोहोलला त्यातली 204 ग्रॅम खर्ची पडते, उरलेली ती गोडी. पीएच 3.5 च्या वर गेला असेल तर 26 ची वाट पाहू नका.

वाइन घरी करायचा विचार असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. शेजारच्या वर्ध्यात तर दारूबंदीच आहे. द्राक्षं विकायची असतील तर लावणीआधी वायनरीशी लेखी करार करा आणि त्यात ब्रिक्ससोबत पीएचही लिहून घ्या. नाशिकपर्यंत रात्रभराचा प्रवास आहे. क्रेट अर्धेच भरा आणि गाडी सूर्य मावळल्यावरच काढा. दाबले गेलेले मणी रस सोडतात आणि तो रस वाटेतच आंबतो.